वॉरिंग्टनच्या गोगलगायी

मासे पाळणाऱ्या माझ्या मित्रमंडळींचं एक ठरलेलं रडगाणं असतं: टाकीत शेवाळ झालंय! त्यांना मी रॉबर्ट वॉरिंग्टनची गोष्ट सांगते.

हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्याने १२ गॅलनच्या काचेच्या भांड्यात वाळू, चिखल आणि पाणी घातलं, व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं आणि दोन गोल्डफिश सोडले. हिशोब सरळ होता. मासे कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती उजेडात तो घेऊन प्राणवायू देणार. पण जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली. पाणी पुन्हा नितळ! १८५० साली त्याने हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

मला गंमत वाटते ती ही, की दोघांत न जमलेला समतोल तिसऱ्यामुळे जमला. आणि तिसरा कोण, तर उरलंसुरलं खाणारा!

पुढे कळलं की टाकीतल्या पाण्यात बराचसा प्राणवायू वरच्या हवेतून मिसळतो. म्हणजे वॉरिंग्टनचा हिशोब अपुराच होता. पण शेवाळाबद्दल तो बरोबर होता. उजेड आणि खत जास्त, ते वापरणाऱ्या वनस्पती कमी, की शेवाळ आलंच. तेव्हा औषधाची बाटली उघडण्याआधी दिवा कमी वेळ लावा, खाणं बेताने घाला, झाडं वाढवा. तरी थोडं शेवाळ उरेल. उरू द्या. गोगलगायींनीही जगायला हवं ना?