कळ गालात, कारण कवटीत

इ. स. १६७७ च्या डिसेंबरात पॅरिसमधील इंग्रज राजदूताच्या पत्नीस, नॉर्थंबरलंडच्या काउंटेसला, चेहऱ्याच्या एका बाजूस अशा कळा येऊ लागल्या की तिला किंकाळ्या आवरेनात. तिला तपासण्यास आलेला वैद्य म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला जॉन लॉक. तत्पूर्वी तिचे दात काढून झाले होते. कळ कायम होती. लॉकने रेचके दिली आणि लंडनमधील वैद्यमित्रास पत्रांतून रोगाचे बारकाईने वर्णन कळविले. औषधापेक्षा ते वर्णनच मोलाचे ठरले.

दातांवर आळ यावा, असाच हा रोग आहे. कळ क्षणभराची, विजेच्या धक्क्यासारखी. घास चावला, तोंड धुतले, वाऱ्याची झुळूक लागली, एवढे निमित्त पुरते. बाहेरून सूज नाही, व्रण नाही. म्हणून आजही निदानाचा मुख्य आधार रोग्याचे सांगणे हाच, एम.आर.आय. तपासणी होते ती गाठ वा अन्य विकार नाही ना, हे पाहण्यासाठी. १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिलने ही लक्षणे नीट मांडली. तरीही शल्यवैद्यांची सुरी बराच काळ भलत्याच मज्जातंतूवर चालली. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा सातवा तंतू कापला जाई; तोंड वाकडे होई आणि कळ तशीच राही! चेहऱ्याची संवेदना पाचव्या तंतूकडे आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स बेल प्रभृतींनी स्पष्ट केले.

मग सुरी कवटीत शिरली. पाचव्या तंतूचे मूळ कापले की कळ जाई, परंतु गालही बधिर होई. डोळ्यात कण गेला तरी समजत नसे. १९३४ साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने नोंदविले की, या मुळावर पुष्कळदा एखादी धमनी दाबून बसलेली आढळते. कारण हाती आले होते. पण डँडी तंतूच कापीत राहिला.

१९६२ पासून कार्बामॅझेपीन या औषधाने अनेकांची शस्त्रक्रिया टळू लागली. ज्यांची टळेना, त्यांच्यासाठी त्याच दशकात अमेरिकेत पीटर जॅनेटाने शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचा आश्रय घेतला. कानामागे लहानसे भोक पाडून धमनी हलकेच बाजूस सारायची आणि मध्ये मऊ गादी ठेवायची. तंतू कापायचा नाही. त्याच्या ११८५ रोग्यांचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतर शेकडा ७० जण औषधावाचून कळमुक्त होते. दोघे दगावले, शेकडा एकाचा त्या बाजूचा कान गेला. गाल मात्र फारच थोड्यांचा पुरता बधिर झाला.