उंबऱ्याबाहेरचा माणूस



आपल्या बीड जिल्ह्यातले तेलगाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. धारूर तालुक्यातले हे गाव वाटांच्या तोंडावर बसले आहे. एक वाट बीडकडून येते, एक परळीला जाते, एक माजलगावला, आणि एक घाट चढून धारूरला. अशा फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे असताना कुणी परका गृहस्थ भेटला, की आपण सहज विचारतो, "पाव्हणं, गाव कोणतं?" पण त्याच फाट्यावर, बंद टपरीच्या फळीखाली, पोते पांघरून कुणी निजलेला दिसला म्हणजे? मग आपण गाव विचारीत नाही. "कोण आहे रे तिकडं?" म्हणून दरडावतो. बरोबरचा एखादा म्हणतो, "चोरबीर असेल, पिशवी सांभाळा." दुसरा म्हणतो, "चांगला धडधाकट दिसतोय की! कामाला काय झालंय याला?"

त्या माणसाने आपले काही नेलेले नसते. त्याच्याशी आपण एक शब्दही बोललेलो नसतो. तरी निवाडा होऊन जातो. पाव्हण्याला एक प्रश्न आणि बेघराला दुसरा, असे का बरे झाले? त्याला इतिहास आहे, आणि तोच आज आपण थोडा उलगडून पाहू.

पहिला निवाडा चोरीचा. पूर्वी आपल्या मुलखात फिरणे हा गुन्हा नव्हता, तो धंदा होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून प्रांतोप्रांती नेत. वडार दगड फोडी, कैकाडी टोपल्या विणी, आणि गावाला त्यांची गरज असे. पुढे आगगाडी आली, तिने बैलाच्या पाठीवरचा माल उचलला. मिठावर सरकारचे कडक नियंत्रण बसले, रानावर सरकारी पहारा बसला. धंदा गेला, पाय मात्र फिरते राहिले. आणि मग १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला, की अमुक अमुक जमाती जन्मतःच गुन्हेगार समजाव्यात! प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह इतरत्रही त्याची वाट मोकळी झाली. नोंद झालेल्या माणसाने हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. कित्येकांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले गेले. सोलापूरची अशी वसाहत पुष्कळांना ऐकून माहीत आहे.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. पण बरं का, कायदा कागदावरून पुसता येतो, नजरेतून तो पुसायला पिढ्या लागतात. फाट्यावर निजलेल्या माणसाकडे पाहून आपला हात पिशवीकडे जातो, तो हात त्या जुन्या कायद्याचा आहे.

दुसरा निवाडा आळसाचा. १९५९ साली मुंबई राज्याने भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. आपला मराठवाडा १९५६ पासून त्याच राज्यात होता. सोंगे काढून आणि मुले पळवून भीक मागणाऱ्यांना आळा घालावा, हा हेतू कुणाला पटणार नाही? परंतु या कायद्याने भिकारी कोणाला म्हटले, ते पाहा. हात पसरणारा तर भिकारीच. शिवाय ज्याच्याजवळ पोटापाण्याचे साधन उघड दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकतो किंवा थांबतो की भिकेवरच जगत असेल असे वाटावे, तोही भिकारी. म्हणजे फाटके कपडे हाच पुरावा झाला! पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात तरतूद झाली. हाच कायदा पुढे दिल्लीला लागू करण्यात आला. २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती त्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. ज्याला अन्न आणि निवारा आपण देऊ शकलो नाही, त्याने तो मागितला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आता तुम्ही म्हणाल, "पण ऐतखाऊ माणसे असतातच ना?" असतात. आणि ऐतखाऊपणावर गाडगेबाबांइतके कडक बोलणारा दुसरा कोण होता? १८७६ साली, दख्खनच्या त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, अमरावतीकडे डेबूजीचा जन्म झाला. बाप दारूने लवकर गेला, आई पोराला घेऊन माहेरी आली. मामाची जमीन सावकाराने गिळली, तीही या पोराने डोळ्यांनी पाहिली. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे खापर. ज्या गावी जात, तेथे आधी रस्ते झाडीत, आणि मग कुणाच्या दारची भाकरी खात. फुकटचे नको, हा त्यांचा बाणा. परंतु हा नियम त्यांनी स्वतःला लावला. आंधळ्या-पांगळ्यांना त्यांनी आधी जेवू घातले.

आणि त्यांनी बांधले काय, तर धर्मशाळा! पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. विठ्ठलाच्या पायाशी आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला पंढरपुरात कुणी ओटा देत नसे, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बाबांच्या शिकवणीची दहा कलमे प्रसिद्ध आहेत. त्यांत बेकाराला काम द्या असे आहे आणि बेघराला आसरा द्या असेही आहे. 'आधी काम कर, मग आसरा देऊ' असे तेथे म्हटलेले नाही. रात्रभर पावसात भिजलेला माणूस सकाळी कामावर जाईल कसा, हा साधा हिशेब त्यांना कळला होता.

तिसरी गोष्ट १९८५ सालची. १९८१ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हलवून परगावी धाडण्याचे शासनाने ठरवले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायाधीशांनी फाट्यावरचा आपला पहिला प्रश्न विचारला : गाव कोणतं? का आलात? उत्तरे निकालपत्रातच नोंदलेली आहेत. एक सेलमकडचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने आलेला. दुसरा आपल्या संगमनेरचा, जोडे शिवणारा. गावातले घर पडले म्हणून तो १९६९ साली मुंबईस आला, बदली कामगार म्हणून लागला, आणि पदपथावरच्या जागेसाठी त्याला तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजावे लागले! कुठे आहे यात चोर? कुठे आहे आळशी? उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र त्याने मानला नाही, नोटीस देऊन हलवता येईल असे म्हटले. अर्धाच दिलासा, पण माणसाचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

श्रोतेहो, हे सगळे मी तुम्हांलाच का सांगतो आहे? कारण उंबऱ्याबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक? दसरा-दिवाळी झाली की आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि तो कोयता कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत जातो. तेलगावला स्वतःचा साखर कारखाना आहे, तरी हे जाणे थांबलेले नाही. तिकडे पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. वाकून आत जायचे, वाकूनच बाहेर यायचे. तिथल्या बांधावरून जाणारा कुणी "ऊसतोडे आलेत, कोंबड्या कोंडा" म्हणाला, तर आपल्या काळजाला किती लागते! आपल्याला वाटते, अरे, माझे घर आहे, दारात तुळस आहे, पोराला शाळा आहे. मला गाव तर विचार! फाट्यावर पोते पांघरून निजलेल्यालाही तेच म्हणायचे असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक आठवण देतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री, जे इमारतीत राहत नाहीत अशांची मोजणी झाली. तुमच्यापैकी कित्येकजण हातात कंदील नाहीतर बॅटरी घेऊन त्या रात्री पुलाखाली, फलाटावर हिंडले असतील. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार माणसे नोंदली गेली. त्या रात्री तुम्ही त्यांना चोर का म्हणून विचारले नाही. नाव विचारले, वय विचारले. सरकारी कामासाठी एका रात्री जे जमले, ते एरवी जमायला काय हरकत आहे?

करायचे फार मोठे नाही. तांड्यावरचे, पालावरचे पोर वर्गाच्या दाराशी उभे राहिले, तर दाखला नंतर पाहा, आधी बसायला जागा द्या. गावात रात्री कुणी निराधार आला, तर देवळाची ओसरी नाहीतर समाजमंदिराचा व्हरांडा उघडा असू द्या. आजारी असेल तर दवाखान्यापर्यंत सोबत जा. आणि पुढच्या खेपेला तेलगावच्या फाट्यावर ती पोत्याखालची आकृती दिसली, तर दोन पावले जवळ जाऊन विचारा, "पाव्हणं, गाव कोणतं? जेवलात का?"

उत्तर काय येईल, ते मात्र निवांत ऐकून घ्या.