शवासन, ४७ रुग्ण आणि रक्तवाहिनीचे अस्तर

१/८
१९६९ मध्ये ‘अँजिओलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, उच्च रक्तदाबावर शवासन. एका आसनाची परीक्षा रुग्णांच्या आकड्यांवर झाली, त्याची ही कथा.

२/८
या कथेची मुळे लोणावळ्यात आहेत. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसनांचे गुणगान करण्यापेक्षा क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या साहाय्याने त्यांची तपासणी करावी, हा त्यांचा आग्रह होता.

३/८
दाते यांच्या निबंधाचे एक सहलेखक एस. एल. विनेकर हे याच कैवल्यधामचे. अशा रीतीने लोणावळ्यातील परंपरा मुंबईच्या हृदयरोगचिकित्सेला येऊन मिळाली.

४/८
रुग्ण होते ४७. रोज अर्धा तास उताणे पडून, अंग सैल सोडून, संथ लयीत श्वसन करायचे. वरच्या व खालच्या दाबावरून काढलेला मध्यम दाब पाहिला गेला. औषधे न घेणाऱ्या १० जणांत तो १३४ वरून १०७ वर आला. औषधांनी दाब आटोक्यात असलेल्या २२ पैकी १३ जणांची औषधांची गरज मूळ मात्रेच्या सुमारे एक तृतीयांशावर आली.

५/८
पण तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर श्रेय शवासनाचे की नियमित देखरेखीचे? १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून उत्तर शोधले. योगाधारित शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक शिकलेल्यांचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला. दुसऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ इतकाच उतरला.

६/८
रक्तवाहिनीच्या आत काय घडते, हे तेव्हा पुरते कळले नव्हते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की सशाच्या महाधमनीचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल, तर ॲसिटिलकोलीनने ती सैलावते. अस्तर खरवडले की तीच आकुंचन पावते. पुढे या संदेशवाहकाची ओळख पटली: नायट्रिक ऑक्साइड. १९९८ चे नोबेल याच शोधाला मिळाले.

७/८
व्यायामाचे कोडे येथे उलगडते. भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, अस्तरावर त्याचे घर्षण वाढते आणि अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड सोडते. उच्च रक्तदाबात ही क्षमता खालावलेली असते. नियमित सरावाने ती सुधारू शकते. शवासनाचा मार्ग निराळा: ते मुख्यतः मज्जासंस्थेचा ताण उतरवते.

८/८
म्हणून शवासन चालण्याची जागा घेत नाही आणि चालणे शवासनाची. १९६९ च्या त्या रुग्णांची औषधेही मोजमाप घेत, वैद्यकीय देखरेखीखाली कमी झाली होती. आसनाबरोबर रक्तदाबमापक वापरण्याचा लोणावळ्याचा धडा तोच होता.