बिऱ्हाडकरूचा एकांत

घराच्या उंबरठ्याविषयीं आपल्या लोकांत जो आदर आहे, तो इतर देशांतहि निरनिराळ्या रूपांनीं आढळतो. प्रत्येकाचें घर हा त्याचा किल्ला होय, हें तत्त्व इंग्लंडांत १६०४ सालीं सेमेनच्या खटल्यांत मांडलें गेलें व सर एडवर्ड कोक यानें तें आपल्या निवाडेसंग्रहांत नोंदवून ठेविलें. पुढें १७६३ सालीं सफरचंदाच्या मद्यावरील कराच्या वादांत थोरल्या पिटनें बजाविलें कीं, दरिद्री माणसाच्या मोडक्या झोपडींत वारा-पाऊस खुशाल शिरोत, राजाला मात्र तेथें प्रवेश नाहीं. परंतु किल्ल्याच्या या रूपकांत एक अडचण दडलेली आहे. किल्ल्याचा धनी आंतच राहत असून त्यानें एक खोली दुसऱ्यास भाड्यानें दिली, तर त्या खोलीपुरता किल्लेदार कोण? बिऱ्हाडकरू पैसे मोजतो, तेथें निजतो, पत्रें लिहितो, आजारी पडतो. तथापि धन्यानें दार न वाजवितां आंत यावें कीं काय, या साध्या प्रश्नास कायद्यानें सरळ उत्तर दिलें नाहीं. त्यानें निराळाच प्रश्न विचारला, तो म्हणजे खोलीचा ताबा कोणाचा. या अदलाबदलीचा इतिहास बोधप्रद आहे.

इंग्लंडांत या प्रश्नाची कसून छाननी झाली ती मताधिकाराच्या निमित्तानें. १८६७ च्या सुधारणा-कायद्यानें नगरांतील घरधारक पुरुषांस मत मिळालें, आणि सामानाविना वर्षाला १० पौंड भाडें येईल अशा खोलींत एक वर्ष राहिलेल्या बिऱ्हाडकरूसहि तें मिळालें. पण दोघांचा दर्जा सारखा नव्हता. घरधारकाचें नांव कराच्या वहीवरून यादींत येई. बिऱ्हाडकरूस दरवर्षीं नव्यानें अर्ज करावा लागे. त्यामुळें वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहणारा मनुष्य यांपैकीं कोण, हा वाद वारंवार उपस्थित होऊं लागला. १८७४ सालीं लिव्हरपूलच्या एका करविषयक खटल्यांत न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांनीं असा विचार मांडला कीं, बिऱ्हाडकरूस खोलीचा उपभोग एकट्यानें घेतां येत असला, तरी ताबा धन्याचाच राहतो. कारण घराची व सामानाची निगा राखण्यासाठीं धन्याचे नोकर तेथें वावरत असतात. १८८१ सालीं ब्रॅडली विरुद्ध बेलिस या प्रकरणांत अपील न्यायालयानें धनी स्वतः त्या घरांत राहतो काय व बाहेरच्या दारावर आणि जिन्यावर त्याची सत्ता चालते काय, या गोष्टींस महत्त्व दिलें. सारांश, मनुष्याचा नागरिक म्हणून दर्जा रस्त्यावरील दाराच्या किल्लीवर ठरूं लागला. १९१८ च्या कायद्यानें पुरुषांस रहिवासावरून मत मिळूं लागल्यावर हा वाद मतदानापुरता मावळला; पण त्यांतून निघालेली कल्पना भाड्याच्या कायद्यांत कायम राहिली.

या कल्पनेचे परिणाम रोजच्या जीवनांत काय होत, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. घरधन्यानें स्वतःच घर भाड्यानें घेतलेलें असे व मूळ मालकाचें भाडें थकविलेलें असे, तर मूळ मालक घरांत शिरून बिऱ्हाडकरूची पेटीसुद्धां जप्त करूं शके, मग बिऱ्हाडकरूनें आपल्या वाट्याचे पैसे कितीहि चोख दिलेले असोत. १८७१ सालीं यावर स्वतंत्र कायदा करून त्याच्या चीजवस्तूंस संरक्षण द्यावें लागलें. दुसरें उदाहरण ग्लासगोचें. तेथें १८६२ च्या पोलीस कायद्यान्वयें गरिबांचीं लहान घरें मोजून दारावर पत्र्याची चकती ठोकीत; प्रौढ माणशीं ३०० घनफूट या हिशेबानें आंत किती माणसांनीं निजावें, हें तीवर लिहिलेलें असे. मग निरीक्षक रात्रीं येऊन दार ठोठावीत आणि जास्तीचे बिऱ्हाडकरू कपाटांत किंवा छपरावर लपत. दाटीनें रोगराई पसरे, हें खरेंच. तेव्हां हेतूला नांवें ठेवितां येणार नाहींत. पण पिटनें जिची थोरवी गायिली, त्याच दरिद्री झोपडीचें दार शंभर वर्षांनीं मध्यरात्रीं उघडावें लागत होतें, हेंहि तितकेंच खरें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८२ सालीं येथें एकापाठोपाठ दोन कायदे झाले: त्या वर्षाचा चौथा, मालमत्ता हस्तांतरणाचा, व पांचवा, सुविधाधिकारांचा. चौथ्यानें भाडेपट्टेदारास, तो भाडें देत व अटी पाळीत आहे तोंवर, निर्वेध ताबा दिला. पांचव्यानें परवान्याची व्याख्या केली. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेंत असण्याची केवळ अनुज्ञा. मौज अशी कीं, याच पांचव्या कायद्यानें खाजगीपणाचा एक हक्कहि मान्य केला. ज्या गांवीं तशी रूढि असेल, तेथें शेजाऱ्याच्या घरांतील आडोशाच्या जागेवर नजर पडेल अशी नवी खिडकी काढतां येत नाहीं. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें १८८८ सालीं गोकल प्रसाद विरुद्ध राधो या प्रकरणांत ही रूढि उचलून धरली. म्हणजे भिंतीपलीकडच्या डोळ्यांची चिंता आपल्या कायद्यानें दीड शतकापूर्वींच वाहिली. भिंतीच्या अलीकडे, माजघरांतून येणाऱ्या पावलांचा विचार मात्र झाला नाहीं. घर हें एक कुटुंब मानलें गेलें व बिऱ्हाडकरू त्या कुटुंबाच्या हिशेबांत कोठेंच बसला नाहीं.

शिवाय आपल्याकडे दाराच्या आधींच एक झडती होते. डॉ. आंबेडकर १९१७ सालीं परदेशांतून शिकून बडोदें संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हां त्यांस राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहांत त्यांनीं पारशी नांव लावून आश्रय घेतला. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या पारशी मंडळींचा जमाव आला आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. तें विश्रामगृह कोणाचें राहतें घर नव्हतें. तरीहि आपण कोण, हें सांगण्याची किंवा न सांगण्याची मोकळीक ज्यास नाहीं, त्याच्या खोलीस कडी असून काय उपयोग, हें या प्रसंगानें जितकें कळतें तितकें निवाड्यांनीं कळत नाहीं. आजहि जात, आहार व भेटीस येणारीं माणसें यांविषयींच्या प्रश्नांचा उंबरठा ओलांडल्याविना अनेकांस खोली मिळत नाहीं.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याच्या धाकानें मालक भाडेपट्ट्याऐवजीं परवान्याचे करार करूं लागले; तेव्हां १९७३ च्या दुरुस्तीनें त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस ताब्यांत असलेल्या परवानाधारकांस भाडेकरू मानलें. परंतु त्यांतून पेइंग गेस्टला वगळलें. परवाना देणारा स्वतः जेथें राहतो त्या जागेचा भाग ज्या परक्या माणसास दिला आहे, तो पेइंग गेस्ट. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानेंहि हीच व्याख्या राखली. या कायद्यांत जागेची पाहणी करण्यापूर्वीं मालकानें आगाऊ सूचना द्यावी व वाजवी वेळीं यावें, असें चांगलें कलम आहे. पण त्याच कायद्यांतील परवानाधारकाच्या व्याख्येबाहेर पेइंग गेस्ट उभा असल्यामुळें त्यास या कलमाचा आधार निःशंकपणें घेतां येत नाहीं. इंग्लंडांतहि १९७४ च्या कायद्यानें त्याच घरांत राहणाऱ्या मालकाच्या बिऱ्हाडकरूस पूर्ण संरक्षणांतून वगळलें. आणि १९८५ सालीं स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड या प्रकरणांत लॉर्ड टेम्पलमन यांनीं, कराराच्या नांवावर न जातां वस्तुस्थिति पाहावी असा थोर निर्णय देतांनाच, मालक सेवेसाठीं खोलींत मुक्तपणें येत असेल तर राहणारा केवळ लॉजर होय, ही जुनी कसोटी कायम ठेविली. या कसोटींतील चक्र वाचकांच्या ध्यानांत येईलच. धनी आंत येऊं शकतो म्हणून बिऱ्हाडकरूस हक्क नाहीं, आणि बिऱ्हाडकरूस हक्क नाहीं म्हणून धनी आंत येऊं शकतो!

घरमालकाची बाजू अगदींच दुबळी नाहीं. एका छपराखालीं, एका स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या दोघांचें बिनसलें, तर मालकानें आपलेंच घर सोडून जावें असें कोणी म्हणणार नाहीं. अशा बिऱ्हाडकरूस कायमचा ताबा न देण्यांत कायद्यानें शहाणपणच केलें. मात्र राहण्याची मुदत आणि दाराचा मान या दोन भिन्न गोष्टी असून इतिहासानें त्या एकाच गांठींत बांधल्या. महिनाभराची सूचना देऊन ज्यास जा म्हणतां येतें, त्याच्याहि खोलींत त्या महिन्यांत त्याच्या अनुमतीवांचून शिरूं नये, यांत विसंगति कांहींच नाहीं.

ही गांठ सुटण्याचीं चिन्हें आतां दिसतात. स्त्रीच्या खाजगी क्षणीं तिला चोरून पाहणें हा २०१३ च्या दुरुस्तीनें गुन्हा ठरला व २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो तसाच आहे. तेथें खोली कोणाच्या मालकीची, हें कोणी विचारीत नाहीं. २००४ सालीं कॅनरा बँकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा जागेस नव्हे, व्यक्तीस चिकटलेला असतो, असें म्हटलें. आणि २०१७ सालीं पुट्टस्वामी प्रकरणांत नऊ न्यायाधीशांनीं त्यास मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली. हा हक्क मुख्यतः सरकाराविरुद्ध आहे. घरधन्यापर्यंत तो नेण्यास कायदेमंडळाचे चार स्पष्ट शब्द लागतील. तोंपर्यंत ते शब्द करारांत घालून घेणें दोघांच्याहि हातीं आहे: आंत येण्यापूर्वीं सूचना, आग किंवा पाणी यांसारख्या संकटाचा अपवाद, व खोलीस आंतून कडी. शिक्षणासाठीं परगांवीं आलेल्या मुलीस वा नोकरीच्या पहिल्या वर्षांतील तरुणास या कडीचें मोल काय वाटतें, हें सांगावयास नको. ज्यास स्वतःचें घर नाहीं, त्यासहि एकांत असतो, एवढें मान्य करण्यास आपणांस चारशें वर्षें लागावीं, यांत किल्ल्याच्या रूपकाचा दोष थोडा, आणि किल्लेदारांनींच कायदे केले याचा दोष अधिक.