संकर की संवाद?

आपल्याकडे संगीताचा इतिहास सांगताना घराण्यांची वंशावळ देण्याची चाल आहे. पण एखादे संगीत घरात न जन्मता धर्मशाळेत जन्मते. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ ही १९७१ सालची तबकडी या जातीची आहे. तिचे वादक पाच : गिटारवर यॉर्कशायरचा जॉन मॅक्लॉफ्लिन, ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कॉबम, की-बोर्डवर प्रागचा यान हॅमर, बासवर डब्लिनचा रिक लेअर्ड आणि व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन. वृंदाचे नाव मात्र महाविष्णू! मॅक्लॉफ्लिनला हे नाव त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते.

ही मंडळी एकत्र आली कशी? १९६० नंतरच्या दशकात तरुण श्रोता जॅझ सोडून रॉककडे वळला. तेव्हा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉकचा मेळा उठतो न उठतो तोच, विजेची वाद्ये जमवून ध्वनिमुद्रण केले. त्यात मॅक्लॉफ्लिन होता. जॅझ बाटला, अशी ओरड काही जाणत्यांनी केली. प्रश्न खरा होता : हा संवाद, की बाजारासाठी केलेला संकर?

उत्तर या तबकडीतच शोधावे. पहिल्यांदा ऐकाल तर कान किटतील, हे कबूल. पण ‘व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन’ लावा आणि बोटांवर मात्रा मोजा. नऊ भरतील. एवढ्या वेगात हिशेब चुकत नाही, तो नुसत्या उत्साहाने नव्हे. त्यामागे रियाज आहे. नंतर ‘अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स’ ऐका. तिथे ड्रम गप्प. गिटार, व्हायोलिन आणि पियानो एकमेकांना वाट देत हळुवार बोलतात. मला तर ही तबकडी इथेच कळली, असे वाटते. ज्याला थांबून दुसऱ्याचे ऐकता येते, त्याचा दणदणाटही मग गोंगाट राहत नाही.

पुढे वादकांत बेबनाव झाला आणि १९७३ च्या अखेरीस हा संच फुटला. सुरांत जमले ते संसारात जमले नाही, दुसरे काय! पण वाट बुजली नाही. १९७५ साली मॅक्लॉफ्लिन ‘शक्ती’ या वृंदात दिसतो. शेजारी मुंबईचे झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर आणि विनायकराम घटमवर. ड्रम नाही, की-बोर्ड नाही. तेज मात्र तेच.

तेव्हा कोणी ‘संकर’ म्हणून नाक मुरडले, तर एवढेच विचारावे : यातले वादक एकमेकांचे ऐकताहेत ना? ऐकत असतील, तर तो संवादच.