डागांचे वाचन

आपल्या काव्यपरंपरेने चंद्र पाहिला तो मुख्यतः पौर्णिमेचा. घरगुती दुर्बिणीतून विवरे पाहायची असतील तर मात्र हीच रात्र सर्वांत गैरसोयीची. समोरून पडणाऱ्या उजेडात सावल्या नाहीशा होतात आणि छायाचित्रात पांढरी, सपाट तबकडी उरते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर दुर्बीण रोखली, की विवरांचे काठ उठून दिसतात. १६०९ साली गॅलिलिओने अशाच सावल्यांवरून चंद्रावर डोंगर असल्याचे ताडले.

ही विवरे ज्वालामुखीची की आघाताची, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला, आणि त्याचा एक धागा वाशिम जिल्ह्याच्या शेजारी येऊन पोहोचतो. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८९२ साली वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून अठरा रात्री चंद्र न्याहाळला आणि विवरे आघातजन्य आहेत असे मत मांडले. तोच गिल्बर्ट १८९६ साली ॲरिझोनातील विवराविषयी लिहिताना वाफेच्या स्फोटाकडे झुकला. त्याच्या जोडीला त्याने उदाहरण घेतले ते रिसोडच्या पश्चिमेस, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणारचे. ज्याने आकाशातला मजकूर अचूक वाचला, त्याला जमिनीवरचा तसाच मजकूर उलगडला नाही.

यात आळस नव्हता. ॲरिझोनात त्याने चुंबकीय मोजणी करून गाडलेले लोखंड शोधले होते. ते सापडले नाही. अशा आघातात अशनीचा मोठा भाग वितळून वा वाफ होऊन विखुरतो, हे तेव्हा ज्ञात नव्हते.

लोणारचा निर्णय १९७३ साली लागला. भारतीय व अमेरिकी संशोधकांना तेथील खडकात प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचरूप झालेले खनिज आढळले. ज्वालामुखीतून असा दाब निर्माण होत नाही. तोवर अपोलो मोहिमांनी चंद्रावरचे दगड आणले होते आणि कवींनी ज्यांना ससा वा हरीण म्हटले, ते डाग बेसाल्टचे ठरले होते. वऱ्हाडातला काळा पाषाणही त्याच जातीचा.

लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एवढे विवर चंद्रावर असते, तर साठ-सत्तर मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीतून ते वेगळे ओळखूच आले नसते. वाशिमच्या गच्चीवरून अशा दुर्बिणीतून टिपलेल्या चंद्रावरचे स्पष्ट दिसणारे लहानसे विवरही लोणारहून मोठेच असणार.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. दोन कृतींतले साम्य दिसणे ही अभ्यासाची सुरुवात असते, सिद्धता नव्हे. लोणार आणि ॲरिझोना यांतले साम्य गिल्बर्टलाही दिसले होते. निकाल दिला तो दगडाच्या आतल्या रचनेने.