उंची थांबते, हार्मोनचं काम थांबत नाही

नववीच्या वर्गात एकाने विचारलं, "सर, उंची वाढायचं इंजेक्शन उदगीरला मिळतं का?" वर्ग हसला. मला मात्र सिंधमधली दोन गावं आठवली.

1990 च्या दशकात शिकागोच्या माहेश्वरी आणि बाउमान या डॉक्टरांनी तिथली 18 ठेंगणी माणसं तपासली. सगळी मुस्लिम घरांतली. मोठ्या पुरुषांची सरासरी उंची 130 सेंटिमीटर, अंगाची ठेवण मात्र प्रमाणशीर. मेंदूकडून 'ग्रोथ हार्मोन सोड' असा निरोप यायचा, पण पियुषिका ग्रंथीला तो घेताच येत नव्हता. एका जनुकात बिघाड होता. नेमका हाच बिघाड 1996 मध्ये भारतातल्या एका मुस्लिम कुटुंबात सापडला होता. पुढे श्रीलंकेतही सापडला. 2003 च्या अभ्यासानुसार या कुटुंबांचा कुणीतरी दूरचा पूर्वज एकच असावा. फाळणीने नकाशा बदलला, रक्तातली ही खूण तशीच राहिली.

असा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून चुलत-मावस लग्नांत तो वर येतो. हे लिहिलं की काही जण आपल्याकडे बोट दाखवतील. मराठवाड्यात मामाची मुलगी करणारी हिंदू घरं काय कमी आहेत? आणि आपल्यालाही सांगायला हवं की असं लग्न जायज आहे, फर्ज नाही.

पण खरा धडा मोठ्या माणसांच्या शरीराचा. हे हार्मोन आयुष्यभर चरबी वितळवतं आणि इन्सुलिनला आवर घालतं. ब्राझीलच्या इताबायानिन्या गावात याच जनुकाचा वेगळा बिघाड असलेली शंभरावर माणसं सापडली. त्यांच्या पोटावर चरबी, कोलेस्टेरॉल जास्त. तरीही इन्सुलिन उत्तम काम करतं. उलट, हे हार्मोन जादा झालं की साखर चढते. दंड फुगवण्यासाठी जिममध्ये चोरून सुई टोचून घेणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार?

त्या मुलाच्या अब्बांना मी बोलावून घेतलं. हार्मोन खरंच कमी असेल तर उंचीसाठी इंजेक्शनचा उपयोग वाढीच्या वयातच. हाडांची टोकं जुळली की उंची वाढत नाही. "उद्याच लातूरला नेतो, सर," म्हणाले.